घरच्या स्विमिंग पूलमध्ये केमिकल टाकताना: बादली, मग आणि वाऱ्याची दिशा

पूलच्या केमिकलची मला भीती वाटली ती कधी पाण्याकडे बघून नाही. चाळीस हजार लिटर पाण्यात शंभर-सव्वाशे ग्रॅम पावडर म्हणजे दर्यात खसखस. भीती त्याआधीच्या पाच मिनिटांची असते. डबा उघडायचा, पावडर मोजायची, बादलीत कालवायची. तिथे तेच केमिकल दाट असतं आणि बहुतेक वेळा शेजारच्या फळीवर त्याचा शत्रू बसलेला असतो.

आमचा पूल अलिबागकडे, वाडीतल्या घराला लागून. पहिल्या वर्षी पंपरूममध्ये एकच प्लास्टिकचा मग होता. घर सांभाळणाऱ्या काकांनी सकाळी त्या मगाने ऍसिड मोजलं आणि मग पालथा घालून ठेवला. संध्याकाळी मी तोच उचलून क्लोरीनच्या डब्यात बुडवला. बुडाशी चिकटून राहिलेले चार थेंब. चर्र असा आवाज आला, मगाचा दांडा हाताला कोमट लागला आणि नाकासमोर पिवळट हिरवा धूर. मग टाकून बाहेर पळालो. अर्धा तास खोकला थांबेना, आणि पुढे दोन दिवस छाती जड. नशीब इतकंच, की मगातली पावडर डब्यात परत पडली नाही.

तेव्हापासून जी पद्धत बसवली ती खाली लिहितो. नवीन पूलवाल्यांना उपयोगी पडेल.

‘क्लोरीन’ नावाचं एकच काही नसतं

दुकानात सगळ्यालाच क्लोरीन म्हणतात. पहिल्या पुरवठादाराने मला पाच किलोच्या पारदर्शक पिशव्या दिल्या होत्या, वर स्केचपेनने फक्त ‘क्लोरीन’. कुठलं, असं विचारलं तर म्हणाला, “सगळं एकच असतं साहेब.” एकच नसतं, आणि त्याच गैरसमजातून आगी लागतात.

पांढरे दाणे आणि डब्यावर ‘कॅल्शियम हायपोक्लोराइट’ असं छापलेलं असेल तर त्यात साधारण ६५ ते ७० टक्के क्लोरीन मिळतं. हे अल्कधर्मी, म्हणजे पाण्याचा पीएच वर ढकलणारं. दुसरं ‘टीसीसीए ९०’, म्हणजे ट्रायक्लोरोआयसोसायन्युरिक ऍसिड, गोळ्या किंवा दाणे. हे आम्लधर्मी, हळू विरघळतं, आणि क्लोरीनबरोबर पाण्यात सायन्युरिक ऍसिडही सोडतं, म्हणजे क्लोरीनला उन्हापासून जपणारा पदार्थ. तिसरं द्रव, सोडियम हायपोक्लोराइट. पूलवाले त्याला नुसतं ‘हायपो’ म्हणतात. निळ्या कॅनमधून येतं, ताजं असताना दहा-बारा टक्के. एप्रिलच्या उन्हात ठेवलेला कॅन महिन्याभरात चांगलाच उतरतो, त्यामुळे लागेल तेवढंच आणावं. ब्लीचिंग पावडरही काही जण वापरतात. स्वस्त असते, पण त्यात एक तृतीयांशच क्लोरीन आणि बाकी सगळा चुन्याचा गाळ. मी ती सोडून दिली.

पहिली दोन एकमेकांत कधीही मिसळायची नाहीत. कोरडीसुद्धा. दोघांची भेट झाली आणि त्यात थोडं पाणी पडलं, की उष्णता, विषारी वायू आणि क्वचित स्फोट. म्हणून दोघांचे डबे वेगळे आणि मापंही वेगळी. पाण्यावर तरंगणाऱ्या फ्लोटरमध्ये आधी टीसीसीएच्या गोळ्या असतील तर त्यात दाणे भरायचे नाहीत. आधी धुऊन घेतला, असं म्हणूनही नाही. खरं तर घरच्या पूलला दोन्ही प्रकार ठेवायची गरजच नसते. एक निवडा आणि त्यालाच धरून राहा.

ज्या पिशवीवर छापील नाव आणि टक्केवारी नाही, ती घेऊ नका.

आधी लिटर काढा

लांबी गुणिले रुंदी गुणिले सरासरी खोली, सगळं मीटरमध्ये, आणि त्याला हजाराने गुणायचं. आमचा पूल ८ बाय ४. उथळ टोकाला १ मीटर, खोल टोकाला दीड, म्हणजे सरासरी सव्वा. झाले ४०,००० लिटर. दहा हजारी टँकरने भरलात तर चार टँकर लागले की नाही, हा ताळाही जमतो. ठेकेदाराने तोंडी सांगितलेल्या आकड्यावर जाऊ नका. आमच्या ठेकेदाराने पन्नास हजार सांगितले होते.

हा आकडा पंपरूमच्या दारावर रंगाने लिहून ठेवा, कारण पुढचा सगळा हिशेब त्यावर आहे. एक पीपीएम म्हणजे हजार लिटरला एक ग्रॅम. ४०,००० लिटरमध्ये क्लोरीन २ पीपीएमने वाढवायचं तर निव्वळ क्लोरीन हवं ८० ग्रॅम. पावडर ६५ टक्क्यांची असेल तर ८० भागिले ०.६५, म्हणजे सुमारे १२३ ग्रॅम. स्वयंपाकघरात असतो तसला डिजिटल काटा पंपरूमसाठी वेगळा घ्या. “दोन मूठ टाक”, “एक मग टाक” ही भाषा पहिल्या दिवसापासून बंद. काकांना मुंबईहून फोनवर सांगताना मीसुद्धा ग्रॅममध्येच सांगतो.

मोजल्याशिवाय डबा उघडू नका

टेस्ट किट दोन तऱ्हेची मिळते. एकात थेंब टाकले की पाणी पिवळं होतं. ही स्वस्त, पण ती एकूण क्लोरीन दाखवते, म्हणजे वापरून झालेलं, निकामी झालेलंही त्यात धरलेलं असतं. दुसरीत पाणी गुलाबी होतं, ती डीपीडी. ती मोकळं क्लोरीन वेगळं दाखवते आणि आपल्याला हवं असतं तेच. चार पैसे जास्त गेले तरी डीपीडी घ्या. पिवळीच असेल तर तपासलेलं पाणी पूलमध्ये परत ओतू नका, ते थेंब विषारी असतात.

नमुना घेताना कोपरापर्यंत हात बुडवायचा, पाणी जिथून पूलमध्ये परत येतं त्या तोंडापासून लांब. पृष्ठभागावरचं पाणी खोटं बोलतं.

काय हवं? मोकळं क्लोरीन १ ते ३ पीपीएम, सायन्युरिक ऍसिड वापरत असाल तर किमान २. पीएच ७.२ ते ७.८ मध्ये, मी ७.४ च्या आसपास ठेवतो. क्षारता, म्हणजे टोटल अल्कलिनिटी, पाण्याची पीएच धरून ठेवायची ताकद, ८० ते १२० पीपीएम. नवीन माणूस क्लोरीनकडेच बघत बसतो, पण खरा लगाम पीएचच्या हातात असतो. ७.५ पीएचला मोकळ्या क्लोरीनचा साधारण निम्माच भाग जंतू मारण्याच्या रूपात असतो, ८ पीएचला तो पाव भागाच्या आसपास येतो. पीएच न बघता क्लोरीन ओतत राहिलात तर डबे संपतील आणि पाणी गढूळच राहील.

आणखी एक. ‘क्लोरीनचा वास येतोय, म्हणजे जास्त झालं,’ हे बहुतेकदा उलट असतं. तो डोळे चुरचुरवणारा वास घाम आणि लघवी यांच्याशी संयोग पावलेल्या क्लोरीनचा असतो. त्यावर उपाय क्लोरीन वाढवणं हाच.

क्रम आणि वेळ

क्षारता कमी असेल तर आधी ती. त्याला खायचा सोडा चालतो. ४०,००० लिटरला १० पीपीएम वाढवायला ६७० ग्रॅमच्या आसपास. यात भिण्यासारखं काही नाही. त्यानंतर पीएच, सगळ्यात शेवटी क्लोरीन. पीएच आणि क्लोरीन यांच्यात पंप चालू ठेवून किमान चार तास जाऊ द्यायचे. आमच्याकडे सोपी वाटणी आहे: ऍसिड सकाळी चहाच्या आधी, क्लोरीन दिवेलागणीला. संध्याकाळ यासाठी, की ऊन क्लोरीन खातं. पाण्यात सायन्युरिक ऍसिड नसेल तर दुपारच्या उन्हात टाकलेलं क्लोरीन काही तासांत बरंचसं उडून जातं.

या दोन्ही वेळी पाण्यात कोणी नसावं. पोरं “अजून पाचच मिनिटं” म्हणतात, तेव्हा डबा बंदच ठेवायचा.

बादली

इथे जरा सावकाश वाचा.

वीस लिटरची प्लास्टिकची बादली घ्या. ती फक्त क्लोरीनची, दुसऱ्या कशाचीच नाही. फिनेल, साबण, फरशीचं ऍसिड, यातलं काहीही त्या बादलीला कधी लागलेलं नको. आमच्या क्लोरीनच्या बादलीला निळ्या रंगाचा पट्टा आहे, ऍसिडच्या बादलीला लाल. मापांनाही तसेच पट्टे. काका अक्षरं वाचायला चष्मा शोधत बसत नाहीत, रंग बघतात.

अंगात पूर्ण बाह्यांचा शर्ट, हातात रबरी हातमोजे, डोळ्यांना बाजूने बंद असलेला गॉगल. उन्हाचा चष्मा चालत नाही. तोंडाला फडकं बांधल्याने पावडर नाकात जात नाही इतकंच, वायू त्यातून आरामात जातो, म्हणून त्याच्या भरवशावर डब्यात तोंड घालू नका. डबा उघड्यावर उघडा, पंपरूमच्या आत नाही, आणि उघडताना तोंड बाजूला ठेवा. वारा पाठीवर हवा. आमच्याकडे संध्याकाळी समुद्राकडून पश्चिमेचा वारा असतो, म्हणून मी पश्चिमेच्या काठावर पाठ करून उभा राहतो. पाऊस असेल तर डबा उघडायचाच नाही.

आता क्रम. बादली आधी पूलच्या पाण्याने पाऊण भरा. कोरड्या मापाने पावडर काट्यावर तोला आणि लगेच डब्याचं झाकण लावा, कालवायला नंतर घ्या. मग पावडर पाण्यावर थोडी थोडी भुरभुरवा, लोणच्यावर मीठ पेरतो तशी, आणि लाकडी काठीने किंवा पीव्हीसी पाइपच्या तुकड्याने हलवा.

पाण्यात पावडर टाकायची. पावडरीवर पाणी ओतायचं नाही. ही अदलाबदल साधी वाटते, पण सगळा फरक तिथेच आहे. भरपूर पाण्यात पडलेला दाणा विरघळतो आणि त्याची उष्णता पाणी पिऊन टाकतं. दाण्यांच्या ढिगावर पडलेलं थोडंसं पाणी मात्र तिथल्या तिथे तापतं, फसफसतं, वायू सुटतो. ओल्या हाताने डब्यात माप घालणं म्हणजे हीच चूक छोट्या प्रमाणात. पूलमधून बाहेर येऊन थेंब गळत असताना डब्याला हात लावणारे पाहुणे मी बघितले आहेत.

दहा मिनिटं बादली तशीच ठेवा. पांढरा गाळ खाली बसतो. वरचं निवळ पाणी पूलच्या कडेने चालत, बादली पाण्याजवळ वाकवून, हळूहळू ओता. एका जागी उपडी करू नका. उरलेल्या गाळात पुन्हा पूलचं पाणी घेऊन एकदा निवळू द्या, तेही ओता. राहिलेला चोथा भरपूर पाण्याबरोबर टाकून द्या, पण ज्या मोरीत किंवा संडासात ऍसिड वापरता तिथे अजिबात नाही.

टीसीसीएच्या गोळ्यांना हे काही लागत नाही. त्या फ्लोटरमध्ये ठेवायच्या, तेवढंच. गोळी तळाशी नुसती फेकली तर टाइल्सच्या सांध्यांवर डाग पडतो, आणि लायनरचा, म्हणजे आतून प्लास्टिकचं अस्तर लावलेला पूल असेल तर लायनरच जातो. या गोळ्यांचं दुखणं वेगळं आहे. दर वेळी थोडं सायन्युरिक ऍसिड पाण्यात साचत जातं. ३० ते ५० पीपीएमपर्यंत ते क्लोरीनचं उन्हापासून रक्षण करतं, त्याच्या पुढे क्लोरीनला सुस्त करतं. ते काढायला पाणी बदलणं हाच व्यवहार्य उपाय. कोकणातल्या पूलवाल्यांचं काम मात्र पाऊस फुकटात करतो. जुलैभर पूल ओसंडत असतो आणि गणपतीला मोजलं तर आकडा उतरलेला.

ऍसिड

पीएच वर गेला तर उतरवायला बहुतेक जण हायड्रोक्लोरिक ऍसिड वापरतात, साधारण ३० टक्क्यांचं. सर्वोच्च न्यायालयाच्या २०१३ च्या आदेशानंतर किरकोळ ऍसिड घेताना दुकानदाराला फोटो असलेलं ओळखपत्र दाखवावं लागतं, वहीत नाव आणि कारण लिहून द्यावं लागतं. जो काही न विचारता पाण्याच्या जुन्या बाटलीत ओतून देतो, त्याच्याकडून घेऊच नका. ती बाटली फ्रिजजवळ विसरली जाण्याची शक्यता कायम असते. हे द्रव नकोच वाटत असेल तर ड्राय ऍसिड मिळतं, सोडियम बायसल्फेट. महाग आहे, पण हाताळायला सोपं.

लाल पट्ट्याची बादली पाऊण पाण्याने भरा आणि त्यात ऍसिड ओता. इथेही आधी पाणी. एका वेळी २५० मिली, चाळीस हजार लिटरला त्याहून जास्त नाही. पंप चालू ठेवून खोल टोकाकडे, पाणी परत येतं त्या तोंडासमोर, पृष्ठभागालगत हळू ओता. चार तासांनी पुन्हा मोजा, हवं असेल तर पुन्हा २५०. किती लागेल ते क्षारतेवर असतं, म्हणून एकदम अंदाजाने लिटरभर ओतू नका.

कडेला शहाबादी किंवा कडप्पा असेल तर आणखी जपा. दोन्ही चुनखडीचे दगड, ऍसिडचा थेंब पडला की फेस येतो आणि झिलई जाते. माझ्या पूलच्या कडेला असे तीन डाग आहेत. पाहुणे विचारतात, ही नक्षी कसली.

लाईट गेली तर

गावाकडच्या पूलचा हा खास प्रश्न. केमिकल टाकल्यावर लाईट गेली तर पाणी फिरत नाही आणि ऍसिड जड असल्यामुळे तळाशी थर धरून बसतं. अशा वेळी ब्रशने पाणी ढवळायचं आणि लाईट येऊन दोन-तीन तास पंप चालेपर्यंत कोणाला आत सोडायचं नाही.

ज्यांच्याकडे आपोआप डोस देणारे छोटे पंप आहेत त्यांनी जास्त सावध राहायला हवं. मुख्य पंप बंद पडला आणि डोसचे पंप इन्व्हर्टरवर चालूच राहिले, तर हायपो आणि ऍसिड एकाच पाइपात साचतात. लाईट आली की पहिल्याच झोताबरोबर क्लोरीन वायू पूलमध्ये बाहेर पडतो. परदेशातल्या सार्वजनिक पूलमध्ये माणसं दवाखान्यात गेल्याच्या ज्या घटना नोंदल्या आहेत, त्यांत हा प्रकार पुन्हा पुन्हा दिसतो. इलेक्ट्रिशियनला सांगून डोसचे पंप मुख्य पंपाशी असे जोडून घ्या, की तो बंद म्हणजे तेही बंद. पंप पुन्हा सुरू करताना पाण्यात कोणी नको.

ठेवायचं कुठे

पंपरूममध्ये नाही. ऍसिडच्या वाफेने मोटर आणि पॅनेल गंजतात, हे पहिल्या पावसाळ्यातच कळतं. क्लोरीन एका कोरड्या, हवेशीर, कुलूपबंद जागी, जमिनीपासून वर. ऍसिड दुसऱ्याच जागी, आणि कधीही क्लोरीनच्या वरच्या फळीवर नाही. क्लोरीनच्या आसपास पेट्रोल, ऑइल, रंग, थिनर, युरिया यांपैकी काही नको. फार्महाऊसवर गवत कापायच्या मशीनचं पेट्रोल नेमकं तिथेच ठेवलेलं असतं, ते हलवा. कोकणात जूनच्या आधी डबे संपवून टाका आणि पावसाळ्यात एक छोटा डबाच ठेवा. दमट हवेत उघडलेला डबा गोळे धरतो, तापूही शकतो.

सांडलेली पावडर डब्यात परत टाकू नका. ओल्या पोछ्याने पुसू नका, कचऱ्याच्या डब्यातही नको. कोरड्या, स्वच्छ प्लास्टिकच्या सुपलीने उचला. त्यात दुसरं काही मिसळलेलं नाही याची खात्री असेल तर बादलीभर पाण्यात थोडी थोडी विरघळवून पूलमध्ये सोडा.

बिघडलंच तर

डब्यातून धूर किंवा फसफस दिसली तर विझवायला जाऊ नका. वाऱ्याच्या उलट दिशेने, म्हणजे वारा तोंडावर घेत लांब जा, माणसांना हाकारा, ११२ लावा. क्लोरीन हवेपेक्षा अडीच पट जड असतो, खोलगट जागेत साचतो, त्यामुळे खाली वाकून किंवा पूलच्या रिकाम्या खड्ड्यात लपून उपयोग नाही. घरातला आग विझवायचा नेहमीचा लाल एबीसी सिलिंडर या आगीवर मारायचा नाही. त्यातल्या पावडरमध्ये अमोनियमचे क्षार असतात आणि त्यांची क्लोरीनशी धोकादायक अभिक्रिया होते. फायर ब्रिगेडला फोनवरच सांगा की पूलचं केमिकल आहे, आणि कुठलं ते.

डोळ्यांत गेलं तर पंधरा-वीस मिनिटं वाहत्या नळाखाली, पापण्या उघड्या धरून. ही वीस मिनिटं घड्याळ लावून, कारण दोन मिनिटांत माणसाला बरं वाटतं आणि तो थांबतो. त्वचेवर सांडलं तर कपडे काढून धुवा. पोटात गेलं तर उलटी करवू नका. श्वासात गेलं असेल तर मोकळ्या हवेत आणा, आणि खोकला थांबला तरी डॉक्टरला दाखवा. फुप्फुसांचा त्रास काही तासांनी वाढू शकतो. ऍम्ब्युलन्ससाठी महाराष्ट्रात १०८. डब्याचा किंवा लेबलचा फोटो सोबत न्या. मी त्या दिवशी डॉक्टरकडे गेलो नव्हतो. तो शहाणपणा नव्हता.

कधी उतरायचं

रोजचा डोस संध्याकाळी टाकला असेल तर दुसऱ्या सकाळी मोजून. मोकळं क्लोरीन ३ च्या खाली, पीएच बरोबर, आणि खोल टोकाच्या तळाची जाळी काठावरून स्पष्ट दिसायला हवी. जाळी दिसत नसेल तर आकडे कितीही चांगले असोत, कोणी उतरायचं नाही. बुडालेलं माणूसही तसंच दिसणार नाही.

आमच्या पंपरूमच्या दाराला दोरीने एक दोनशे पानी वही बांधलेली आहे. तारीख, वेळ, आधीचा आकडा, काय टाकलं, किती ग्रॅम, कोणी टाकलं. काकांनी परवा त्यात लिहिलंय: ‘पाऊस. डबा उघडला नाही.’